रुग्णता निवृत्तिवेतन की सेवासातत्य? सार्वजनिक सेवकांच्या दिव्यांगत्वविषयक नियमांची चिकित्सा : मिरा-भाईंदर शहराच्या संदर्भात

सारांश

सार्वजनिक सेवेत असताना एखाद्या कर्मचाऱ्यास दिव्यांगत्व आले, तर त्याच्यासमोर दोन कायदेशीर मार्ग असतात. पहिला निवृत्तिवेतन नियमांचा. तो कर्मचाऱ्यास रुग्णता निवृत्तिवेतन देऊन सेवेतून मुक्त करतो. दुसरा दिव्यांग हक्क कायद्याचा. तो कर्मचाऱ्यास त्याच वेतनावर सेवेत ठेवण्याचे बंधन आस्थापनेवर घालतो. प्रस्तुत निबंधात या दोन मार्गांच्या भाषेची, इतिहासाची आणि आर्थिक परिणामांची चिकित्सा केली आहे. कायद्याच्या दृष्टीने दुसरा मार्ग श्रेष्ठ असला तरी कार्यालयीन व्यवहारात पहिलाच आधी वाचला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे लाभ म्हणून दिलेली तरतूद बाहेर जाण्याचे दार ठरू शकते, असे येथे प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी मिरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढलेल्या महानगरपालिका क्षेत्राचा संदर्भ घेतला आहे.

बीजसंज्ञा : रुग्णता निवृत्तिवेतन, दिव्यांगत्व, सेवासातत्य, अधिसंख्य पद, परिभाषित अंशदान, महानगरपालिका सेवक.

१. प्रस्तावना

निवृत्तिवेतन हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने वार्धक्याशी जोडून पाहिला जातो. सेवेची तीस-पस्तीस वर्षे पूर्ण करून सन्मानाने घरी जाणारा कर्मचारी हेच निवृत्तीचे सर्वमान्य चित्र आहे. परंतु वयाच्या पस्तिशीत अपघाताने पाय गमावलेला आरोग्य विभागातील कामगार, दृष्टी क्षीण झालेला लिपिक, पक्षाघाताने एक हात निकामी झालेली शिक्षिका यांचीही निवृत्ती होऊ शकते. ही निवृत्ती वयाने घडत नाही. वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र, कार्यालयाची टिप्पणी आणि नियमातील एक शब्द मिळून ती घडवितात. म्हणूनच त्या शब्दाची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

या चिकित्सेसाठी मिरा-भाईंदर शहर दोन कारणांनी उपयुक्त आहे. पहिले कारण शहराच्या वाढीचे. १२ जून १९८५ रोजी काही ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. दुसरे कारण कालगणनेचे. महानगरपालिका झाल्यानंतर चार वर्षांच्या आत, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून, राज्यातील नव्या सेवकांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. त्यामुळे एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोन सेवकांना दिव्यांगत्व आले, तर केवळ नियुक्तीच्या दिनांकामुळे त्यांची भवितव्ये दीर्घकाळ अगदी भिन्न राहिली. जुन्या नगरपरिषदेच्या स्थापनेवेळी विशीत असलेला कर्मचारी २०२५ मध्ये साठीला पोचला. म्हणजे जुन्या नियमांची पिढी आता मावळत असून यापुढचा प्रश्न प्रामुख्याने २००५ नंतरच्या पिढीचा आहे.

२. नियमाचा शब्द आणि त्यामागील दृष्टी

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ आणि केंद्राचे आता निरसित झालेले केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ यांचा मूळ साचा ब्रिटिशकालीन नागरी सेवा विनियमांतून आलेला आहे. त्या विनियमांनी निवृत्तिवेतनाचे जे वर्ग ठरविले, त्यांत नियत वयोमान निवृत्तिवेतनाच्या जोडीला रुग्णतेचाही वर्ग होता. शारीरिक किंवा मानसिक दौर्बल्यामुळे सेवेस कायमचा असमर्थ ठरलेल्या सेवकास हे निवृत्तिवेतन मिळे. सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा मंडळाने तसे प्रमाणित करावे, ही त्याची मुख्य अट होती.

या रचनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राचा प्रश्न. प्रमाणपत्र विचारते, हा मनुष्य सेवेस समर्थ आहे काय? कोणत्या सेवेस, कोणत्या साधनांच्या साहाय्याने, कोणत्या फेरबदलानंतर, हे ते विचारीत नाही. असमर्थता ही जणू पूर्णतः देहात वसलेली वस्तू आहे आणि कार्यालयाची इमारत, जिने, खुर्ची, कामाची वाटणी यांचा तिच्याशी काही संबंध नाही, असे त्यामागील गृहीत आहे.

अर्थात जुना नियम केवळ कठोर होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या केंद्रीय नियमातील ३८ व्या नियमात कमी श्रमाच्या कामाचाही विचार होता. सेवक पूर्वीपेक्षा हलक्या कामास पात्र आहे असे वैद्यकीय मत पडल्यास आणि त्याची तयारी असल्यास त्याला खालच्या पदावर नेमावे. तसे पदही नसल्यास रुग्णता निवृत्तिवेतन द्यावे, असा तो क्रम होता. म्हणजे पर्यायी कामाची कल्पना जुनीच आहे. मात्र त्या कामाची किंमत सेवकाने पदावनती स्वीकारून चुकवावी, अशी अपेक्षा होती. शरीराची हानी आणि पदाची हानी यांची येथे सहज सांगड घातलेली दिसते.

त्यातही अर्हताकारी सेवेची अट होती. निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा आवश्यक असल्याने त्याआधी असमर्थ ठरलेल्या सेवकास मासिक निवृत्तिवेतन मिळत नसे. एकरकमी उपदानावर त्याची बोळवण होई. ज्याला सर्वांत तरुणपणी दिव्यांगत्व आले आणि म्हणून ज्याच्यापुढे सर्वांत दीर्घ आयुष्य शिल्लक आहे, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण, असा हा उलटा न्याय होता. केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१९ च्या सुधारणेने ही विसंगती दूर केली आणि १० वर्षांपेक्षा कमी सेवा असली तरी रुग्णता निवृत्तिवेतन देय ठरविले. स्वातंत्र्यानंतर सात दशके ही विसंगती टिकून राहिली, हे त्या नियमाच्या दृष्टीविषयी पुरेसे बोलके आहे.

३. प्रश्नाचा रोख बदलणारा कायदा

अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ हा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या ४७ व्या कलमाने वरील क्रम मुळातून बदलला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास आस्थापनेने सेवेतून काढू नये व त्याची पदावनती करू नये. धारण केलेल्या पदास तो योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे. तसे पद नसल्यास सुयोग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयोमानापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, अधिसंख्य पदावर ठेवावे, अशी ही तरतूद होती. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारू नये, हेही त्यात नमूद होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि हीच तरतूद त्याच्या कलम २० (४) मध्ये कायम राहिली. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. वाजवी सोयीची उपलब्धता ही संकल्पना कायद्यात आली. रॅम्प, वाचनयंत्र, कामाच्या वेळेतील फेरबदल, तळमजल्यावरील बैठक या गोष्टी त्यामुळे कृपेच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आल्या.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता भेद स्पष्ट होतो. निवृत्तिवेतन नियमात परीक्षा सेवकाची आहे. दिव्यांग कायद्यात ती आस्थापनेची आहे. पहिल्यात सेवकाने आपली असमर्थता सिद्ध करून लाभ घ्यावयाचा असतो. दुसऱ्यात त्याला काम देण्यासाठी आपण काय केले, हे आस्थापनेने दाखवावयाचे असते.

आणखी एक भेद स्थानिक संस्थांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महानगरपालिका ही स्वतंत्र वैधानिक संस्था असल्याने राज्याचे निवृत्तिवेतनविषयक निर्णय तिच्या सेवकांपर्यंत सामान्यतः स्वतंत्र आदेशाने किंवा स्वीकृतीने पोचतात. दिव्यांग कायद्याला असा मध्यस्थ लागत नाही. त्या कायद्यातील शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरण आणि शासनाचे अनुदान असलेली संस्था यांचा थेट समावेश आहे. म्हणजे मिरा-भाईंदर महानगरपालिकेतील लिपिक असो वा अनुदानित महाविद्यालयातील ग्रंथालय परिचर, कलम २० (४) चे संरक्षण त्याला कोणत्याही ठरावाची वाट न पाहता लागू होते.

४. न्यायालयीन वाचन

या दोन ग्रंथांपैकी कोणता श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००३ रोजी कुणाल सिंह विरुद्ध भारत संघ या प्रकरणात दिले. एस.एस.बी. या केंद्रीय दलातील हा शिपाई. कर्तव्यावर असताना डाव्या पायास दुखापत झाली, पुढे गँगरीन होऊन पाय कापावा लागला आणि १९९८ मध्ये त्याला वैद्यकीय कारणाने सेवामुक्त करण्यात आले. त्याला रुग्णता निवृत्तिवेतन दिले आहे, तेव्हा प्रश्न मिटला, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला. ३८ व्या नियमान्वये निवृत्तिवेतन मिळाले एवढ्याने ४७ व्या कलमाचे अनिवार्य संरक्षण हिरावून घेता येत नाही, असे ठरवून सेवकास त्या कलमाचा लाभ देण्याचा आदेश झाला. निवृत्तिवेतन हे सेवासातत्याच्या हक्काला पर्याय ठरू शकत नाही, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

४ जानेवारी २००८ चा भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य विद्युत मंडळ हा निर्णय याहून अधिक मार्मिक आहे. सहायक तारतंत्री म्हणून काम करणारा हा सेवक १९९४ मध्ये पूर्णतः दृष्टिहीन झाला. १९९६ मध्ये त्याने स्वतःच पत्र लिहून निवृत्ती मागितली आणि पत्नीस नोकरी द्यावी अशी विनंती केली. मंडळाने त्याला निवृत्त केले आणि पुढे, निवृत्ती तर त्यानेच मागितली होती, असा बचाव केला. न्यायालयाने या बचावाचा कठोर शब्दांत समाचार घेतला. अचानक आलेल्या अंधत्वाने खचलेल्या, आपल्या हक्काची माहिती नसलेल्या कनिष्ठ सेवकाला कायद्याची खरी स्थिती समजावून सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला सेवेत परत घेण्याचा आदेश दिला.

या निर्णयाचे महत्त्व केवळ कायदेशीर नाही. विनंती अर्जाकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली. दिव्यांगत्वानंतर आलेला निवृत्तीचा अर्ज हा नेहमीच स्वेच्छेचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो अज्ञानाचा आणि हतबलतेचा पुरावा असतो. केंद्र शासनाने या निर्णयाची दखल घेऊन २०१५ मध्ये सर्व विभागांना सूचना दिल्या. वैद्यकीय कारणाने निवृत्ती मागणाऱ्या सेवकाचे प्रकरण ४७ व्या कलमात बसते काय हे प्रथम तपासावे, बसत असल्यास त्याच वेतनावर सेवेत राहण्याचा पर्याय त्याला कळवावा आणि त्यानंतरही तो ठाम असेल तरच अर्जावर कार्यवाही करावी, असा त्यांचा आशय होता. पुढे केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ मध्ये रुग्णता निवृत्तिवेतनाच्या नियमाचा प्रारंभच दिव्यांग कायद्याच्या २० व्या कलमाच्या निर्देशाने करण्यात आला. आधी सेवासातत्य, मग निवृत्तिवेतन, हा क्रम अशा रीतीने खुद्द नियमाच्या पाठात उतरला.

तरीही व्यवहार बदलला असे म्हणता येत नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तेलंगणातील राज्य परिवहनाच्या एका चालकाच्या प्रकरणात पुन्हा हेच सांगावे लागले. रंगांधत्वामुळे वाहन चालविण्यास अपात्र ठरलेल्या या चालकास पर्यायी काम न देता वैद्यकीय कारणाने निवृत्त करण्यात आले होते. पर्यायी काम शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले. पहिल्या निर्णयापासून बावीस वर्षांनीही तोच धडा द्यावा लागतो, याचा अर्थ दोष कायद्याच्या अभावात नाही. तो कार्यालयातील वाचनाच्या क्रमात आहे.

५. २००५ नंतरची पोकळी

महाराष्ट्र शासनाच्या ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर नियुक्त होणाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आली; पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली. या योजनेचा पाया संचयाचा आहे. दीर्घ सेवेत सेवकाचे व शासनाचे अंशदान साठत जाते आणि त्यावर वार्धक्याची तरतूद होते. परंतु दिव्यांगत्व संचयाची वाट पाहत नाही. जेथे विम्याचे तत्त्व हवे होते, तेथे बचतीचे तत्त्व आले.

हा फरक एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१० मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी नियुक्त झालेला एक लिपिक २०१८ मध्ये, ३५ व्या वर्षी, अपघाताने अधू झाला असे मानू. वेतन स्थिर धरले आणि सेवकाचे व शासनाचे प्रत्येकी १० टक्के अंशदान गृहीत धरले, तर ९६ महिन्यांत जमा झालेली मुद्दल सुमारे १९ महिन्यांच्या वेतनाइतकी होते; त्यातील निम्मी तर त्याचीच असते. जुन्या नियमांखाली असता तर १० वर्षे पूर्ण न झाल्याने त्याला सहामाहीस अर्धा महिना या दराने ८ महिन्यांच्या वेतनाइतके सेवा उपदान आणि त्याशिवाय निवृत्ती उपदान मिळाले असते. कलम २० (४) प्रमाणे तो ५८ वर्षांपर्यंत सेवेत राहिला, तर त्याला २३ वर्षांचे, म्हणजे २७६ महिन्यांचे पूर्ण वेतन मिळते. शिवाय वेतनवाढ, पदोन्नती आणि निवृत्तीचा संचयही चालू राहतो. १९ आणि २७६ या दोन आकड्यांमधील अंतर हेच या विषयातील खरे अंतर होय. कार्यालयात नियमाचे कोणते पान आधी उघडले जाते, यावर एका कुटुंबाची दोन तपे अवलंबून असतात.

या पोकळीची जाणीव केंद्रास लवकर झाली. ५ मे २००९ च्या ज्ञापनाने नव्या योजनेतील केंद्रीय सेवकांचा मृत्यू झाल्यास किंवा ते दिव्यांगत्वामुळे सेवामुक्त झाल्यास जुन्या नियमांचे लाभ तात्पुरत्या स्वरूपात देण्यात आले आणि मार्च २०२१ च्या नियमांनी ते स्थिर झाले. महाराष्ट्राने २९ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने, १० वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी मृत्यू पावलेल्या सेवकाच्या कुटुंबास १० लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान दिले. त्यात मृत्यूचा विचार होता. जिवंत राहून कमावण्याची शक्ती गमावलेल्या सेवकाचा नव्हता. १४ ते २० मार्च २०२३ या काळातील राज्यव्यापी संपानंतर ३१ मार्च २०२३ रोजी निघालेल्या शासन निर्णयाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन व उपदान मंजूर केले. केंद्राच्या आणि राज्याच्या निर्णयांत सुमारे १४ वर्षांचे अंतर पडले.

२०२३ चा निर्णय निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि त्याच्या एका संभाव्य परिणामाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पूर्वी नव्या योजनेतील दिव्यांग सेवकास बाहेर काढणे म्हणजे त्याला जवळपास रिकाम्या हाताने पाठविणे होते. त्यामुळे सहृदय अधिकारी निदान थबकत असे. आता निवृत्तिवेतनाची सोय झाल्याने तो संकोच कमी होण्याचा संभव आहे. लाभ जितका सुकर, तितकी सेवामुक्ती निर्वेध, असे घडू नये यासाठी क्रमाचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

६. महानगरपालिकेच्या चौकटीत

मिरा-भाईंदरसारख्या शहरात सार्वजनिक सेवक हा एकजिनसी वर्ग नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून अस्तित्वात आलेल्या मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयातील शिपाई थेट राज्याचा सेवक आहे. महानगरपालिकेचा लिपिक स्थानिक प्राधिकरणाचा आहे. अनुदानित शाळेतील शिक्षक शालेय शिक्षण विभागाच्या निर्णयांनी बांधलेला आहे. शहराचा कचरा उचलणारा वा परिवहन सेवेची बस चालविणारा कंत्राटी कामगार मात्र काम शहराचे करीत असूनही कागदोपत्री ठेकेदाराचा आहे. चौघांना एकाच रस्त्यावर एकसारखा अपघात झाला, तरी चौघांच्या नस्त्या चार वाटांनी जातात.

स्थायी सफाई कामगारांच्या बाबतीत एक वेगळा पेच आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार मृत्यू पावल्यास, निवृत्त झाल्यास किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यास त्याच्या वारसास नियुक्ती देण्याची पद्धत राज्यात रूढ आहे. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने तिच्या तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या कुटुंबांना स्थैर्य मिळावे, हा तिचा हेतू आहे आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु दिव्यांगत्व आलेल्या कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर तिचा दुसरा अर्थ निघतो. स्वतः सेवेत राहून टपालखात्यात किंवा भांडारात काम मागावे, की अपात्र ठरून मुलाच्या हाती झाडू द्यावा? भगवान दास यांनी पत्नीच्या नोकरीसाठी स्वतःची नोकरी सोडली होती. येथे तोच सौदा व्यवस्थेनेच मांडून ठेवलेला आहे. आपले वेतन कायम राहू शकते आणि मुलाला दुसरी वाट धरता येऊ शकते, हे त्या कामगाराला कोणी सांगितले काय, हा प्रश्न म्हणून कळीचा ठरतो.

कंत्राटी कामगाराला तर हा पर्यायही नाही. कलम २० (४) चे बंधन ज्या शासकीय आस्थापनेवर आहे, तिचा तो कर्मचारी मानला जात नाही. त्याच्या वाट्याला येते ती कर्मचारी राज्य विमा योजना किंवा अपघाताची नुकसानभरपाई. १९२३ च्या भरपाई कायद्याने कायमच्या पूर्ण असमर्थतेसाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणण्याची रीत घातली होती. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. भरपाई मिळाली तरी ती गमावलेल्या अवयवाची किंमत असते. गमावलेल्या कामाची हमी तीत नसते. कंत्राटी सफाई कामगारांचे खरे मालक कोण, हा वाद बृहन्मुंबईत दीर्घकाळ चालला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील २,७०० कामगारांच्या स्थायित्वाचा मार्ग मोकळा झाला. त्या वादाला दिव्यांगत्वाचीही बाजू आहे. स्थायित्व म्हणजे केवळ अधिक वेतन नव्हे. शरीर अधू झाले तरी काम टिकण्याची हमी, हाही त्याचा अर्थ आहे.

७. आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला आर्थिक आहे. स्थानिक संस्थांवर आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचे बंधन असते, पदांचा आकृतिबंध शासनमान्य असतो. मग अधिसंख्य पदे कोठून आणावीत? अडचण खरी आहे, पण ती अनुल्लंघ्य नाही. राखीव जागेवर नियुक्त झालेल्या परंतु जातप्रमाणपत्र अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१७ चा निर्णय आल्यावर महाराष्ट्र शासनाने २१ डिसेंबर २०१९ रोजी शासन निर्णय काढून अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केले. त्या धोरणाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. प्रशासनाची इच्छा असली की अधिसंख्य पदे मोठ्या संख्येने निर्माण होऊ शकतात, एवढे त्यावरून सिद्ध होते. ज्या सेवकांच्या बाबतीत कायद्यानेच अधिसंख्य पदाची आज्ञा केली आहे, त्यांना आकृतिबंधाचे कारण सांगणे म्हणूनच टिकणारे नाही.

दुसरा आक्षेप कार्यक्षमतेचा आहे. काम न करणाऱ्यास पगार का द्यावा, असा तो मांडला जातो. परंतु कायद्याचा पहिला आदेश पर्यायी कामाचा आहे; अधिसंख्य पद हा त्यानंतरचा उपाय आहे. नागरी सुविधा केंद्र, अभिलेख कक्ष, जन्ममृत्यू नोंदणी, कर आकारणीची संगणकीय नोंद, दूरध्वनीवरील तक्रार निवारण अशी कामे आज प्रत्येक महानगरपालिकेत आहेत. ती देताना थोडे प्रशिक्षण व साधने लागतात. तेवढी तसदी न घेता सेवकास अकार्यक्षम म्हणणे म्हणजे आपल्या उणिवेचे नाव दुसऱ्यास देणे होय.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारार्ह आहे. प्रत्येक आजारी सेवकाला सेवेत राहावयाचे असते काय? अंतिम अवस्थेतील कर्करोग किंवा निकामी झालेली मूत्रपिंडे यांच्याशी झुंजणाऱ्यास विश्रांती हवी असते. शिवाय हे आजार कायद्याच्या २१ प्रकारांत येत नाहीत. अशांसाठी रुग्णता निवृत्तिवेतन आवश्यकच आहे आणि ते पुरेसे असावे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा प्रकरणात निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवरील बक्षीस नसून सेवकाचा हक्क असल्याचे सांगितले. रुग्णता निवृत्तिवेतनही त्याच हक्काचा भाग आहे. म्हणून ही तरतूद असू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. ती सेवकाच्या माहितीपूर्ण निवडीने लागू व्हावी, कार्यालयाच्या सोयीने नव्हे, एवढाच आग्रह आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. निवृत्तिवेतन नियम आणि दिव्यांग कायदा हे एकाच घटनेकडे परस्परविरुद्ध दिशांनी पाहतात. न्यायालयांनी दुसऱ्याचे श्रेष्ठत्व २००३ पासून वारंवार सांगितले आहे. केंद्राने २०२१ मध्ये तो क्रम नियमातच लिहिला. राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या नियमांतही हा क्रम तितक्याच प्रकटपणे लिहिला जाणे आवश्यक आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. वैद्यकीय मंडळाकडे पाठवावयाच्या नमुन्यात, हा सेवक असमर्थ आहे काय या प्रश्नाआधी तो कोणते काम करू शकेल हा प्रश्न असावा. निवृत्तीच्या प्रत्येक वैद्यकीय प्रस्तावासोबत, सेवकास कलम २० (४) चा पर्याय मराठीत समजावून सांगितल्याची आणि त्याने विचारासाठी अवधी घेतल्याची नोंद असावी. २०१६ च्या कायद्याने शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. अशी प्रत्येक नस्ती त्याच्या नजरेखालून जावी. कंत्राटदाराशी करावयाच्या करारात दिव्यांगत्व आलेल्या कामगारास पर्यायी काम देण्याची अट महानगरपालिकेने घालावी. अनुदानित महाविद्यालये स्वतःच कायद्याच्या व्याख्येत येत असल्याने त्यांच्या कार्यालयांनीही हाच क्रम पाळणे क्रमप्राप्त आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. कल्याण आणि हक्क या दोन शब्दांतील अंतर मात्र आस्थापना शाखेच्या टेबलावर मोजले जाते. अपघातानंतर प्रथमच कुबड्या घेऊन कार्यालयात आलेल्या सेवकापुढे तेथील लिपिक निवृत्तीचा नमुना सरकवितो की त्याच्यासाठी कोणते काम आहे याची यादी काढतो, यावरच या सर्व नियमांचे मूल्यमापन अखेरीस व्हावयाचे आहे.